दुसऱ्या धर्माच्या माणसाला मोक्ष मिळतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात एकाच गल्लीत माळकरी, मुसलमान, लिंगायत, बौद्ध, जैन अशी घरं असतात. मयतीला सगळे जातात, आणि परतताना कुणीतरी हळूच विचारतं, "आता ह्यांचं पुढं काय होत असेल हो?" प्रवचनानंतरच्या चिठ्ठ्यांमध्ये आणि अभ्यासवर्गात हाच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी येत राहतो. त्यातले नेहमीचे इथं एकत्र केले आहेत. मी कुठल्या धर्माचा अधिकृत प्रवक्ता नाही. शंका स्वतःच्या आचरणाची असेल तर आपापल्या महाराजांना, मौलानांना, भंतेजींना, फादरना विचारावी.

१. फिरवाफिरवी नको. दुसऱ्या धर्माचा माणूस तरतो की नाही, एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात सांगणारे बहुधा चुकतात, कारण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. अमुक माणूस तरेल का, हा एक. त्याचा धर्म त्याला तारेल का, हा दुसरा. बहुतेक परंपरांनी पहिल्याला सैल हातानं उत्तर दिलंय आणि दुसऱ्याला आवळून. शेजारचा भला माणूस तरेल, असं अनेक जण मानतात. पण तो तरेल तो आमच्याच देवाच्या कृपेनं किंवा आम्हीच सांगितलेल्या नियमानं, असंही त्याच दमात म्हणतात. हा फरक धरून ठेवला की पुढची बरीच उत्तरं सोपी जातील.

२. मोक्ष, निर्वाण, जन्नत, तारण: नावं वेगळी, गोष्ट एकच ना?

नाही. सुटका कशापासून, हे आधी विचारा. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्या मते माणूस जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकलाय आणि त्यातून सुटायचंय. मुसलमान आणि ख्रिस्ती मानतात की जन्म एकच, नंतर न्यायाचा दिवस. सुटायचं ते पापापासून आणि त्याच्या शिक्षेपासून.

सुटल्यावर काय, याचीही उत्तरं जुळत नाहीत. अद्वैती म्हणतो, वेगळेपण उरतच नाही. जैन म्हणतो, प्रत्येक जीव सिद्धशिलेवर (विश्वाच्या माथ्यावरच्या मुक्तांच्या जागी) वेगळाच राहतो, पूर्ण ज्ञानासह. बौद्ध म्हणतो, तृष्णा विझली. कायमचा आत्मा असा काही नव्हताच. मुसलमानाला जन्नतमध्ये अल्लाहची रजा (प्रसन्नता) हवी असते. बंदा तिथंही बंदाच राहतो. माणूस अल्लाहच होतो असं म्हटलं तर बहुतेक उलेमा (इस्लामी धर्मपंडित) कानावर हात ठेवतील.

त्यामुळं "आमच्या शेजारच्या चाचांना मोक्ष मिळेल का" हे चाचांना विचारलंत तर ते गोंधळतील. ज्या फेऱ्यातून सोडवायला तुम्ही निघालात, त्यात आपण आहोत असं त्यांना मुळात वाटतच नाही.

३. पण सगळे रस्ते एकाच डोंगराच्या माथ्यावर जातात, असं मोठमोठे लोक सांगून गेले की.

सांगून गेले, आणि चांगल्या मनानं सांगून गेले. "एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति" हे ऋग्वेदातलं वचन (१.१६४.४६) त्याला आधार म्हणून दिलं जातं. पण माथा एकच आहे हे सांगायला बोलणारा आधी स्वतः माथ्यावर उभा असावा लागतो. "तुम्ही काहीही म्हणा, तुम्हाला खरं हवंय ते आमचं ब्रह्मच" असं मुसलमानाला किंवा बौद्धाला सांगणं ऐकायला उदार वाटतं; प्रत्यक्षात त्यात त्याचं म्हणणं ऐकून घेतलेलंच नसतं.

माझं मत विचारणारे बरेच असतात, म्हणून इथंच सांगतो. "तुमचा मार्ग मला अपुरा वाटतो, पण तुमचा निवाडा मी करणार नाही" असं तोंडावर म्हणणारा माणूस मला "सगळं एकच हो" म्हणणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

४. गीतेत याबद्दल काय आहे? दोन्ही बाजूंचे लोक गीताच दाखवतात.

दाखवतात, कारण दोन्हीला जागा आहे. "ये यथा मां प्रपद्यन्ते" (४.११): जे मला जसे शरण येतात, तसाच मी त्यांना पावतो. मग "येऽप्यन्यदेवता भक्ताः" (९.२३): श्रद्धेनं इतर देवतांना भजणारेही मलाच भजतात. लोक इथं थांबतात. पण ओळ पुढं म्हणते, "अविधिपूर्वकम्", म्हणजे योग्य विधीला सोडून. आणि ९.२५ मध्ये स्पष्टच सांगितलंय की देवांना भजणारे देवांकडे जातात, पितरांना भजणारे पितरांकडे, मला भजणारे माझ्याकडे. म्हणजे भक्ती स्वीकारली, पण मुक्काम सारखा दिला नाही. ज्ञानेश्वरांनी ९.२३ वर लिहिताना झाडाचा दाखला दिलाय: फांद्या, पालवी एकाच बीजाच्या खऱ्या, पण पाणी पिण्याचं काम मुळाचं, तर ते मुळाशीच घालावं.

"स्वधर्मे निधनं श्रेयः" (३.३५) धर्मांतराच्या वादात सर्रास वापरतात. ते रणांगणावर उभ्या असलेल्या अर्जुनाला त्याच्या कर्तव्याबद्दल सांगितलंय. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशी निवड त्या संवादात कुणापुढं नव्हतीच.

५. हिंदू धर्म सगळ्यांना सामावून घेतो. "फक्त आमच्याच मार्गानं मोक्ष" असं आपल्यात कुणी म्हणतच नाही, बरोबर?

चूक, आणि उदाहरण आपल्या दाराशी आहे. चक्रधरस्वामींचा वावर पैठण आणि गोदाकाठी मोठा होता. त्यांच्या महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ (मूळ तत्त्वं) वेगवेगळे. देवता आपापलं मर्यादित फळ देऊ शकतात. मोक्ष फक्त परमेश्वर देतो. म्हणून पक्का महानुभावी इतर देवळांत हात जोडत नाही. उद्धटपणा म्हणून नव्हे, त्याच्या हिशेबात तिथं मोक्षाचं कामच होत नाही.

मध्वाचार्यांचं द्वैत तर आणखी पुढं जातं. काही जीव मुक्तीला योग्य, काही कायम संसारात फिरणारे, आणि काही कायमच्या अंधारात जाणारे, अशी विभागणी त्यात आहे. "हिंदू म्हणजे सगळं चालतं" म्हणणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.

लिंगायतांबद्दलही विचारतात. मृत्यूला लिंगैक्य (शिवाशी एकरूप होणं) म्हणणाऱ्या या परंपरेत आईच्या पोटातल्या बाळालासुद्धा गर्भलिंगधारणेनं जोडून घेतलं जातं. इतकी तयारी करणारा धर्म इष्टलिंगाला (अंगावर धारण करायच्या लिंगाला) पर्यायी मानत नाही, हे उघड आहे. बाकीच्यांचं काय होतं, यावर मात्र लिंगायतांच्या कपिलधारच्या यात्रेत कुणी तुम्हाला अडवून सांगणार नाही.

६. मग शेख महंमद वारकऱ्यांचे संत कसे झाले?

शेख महंमद श्रीगोंद्याचे म्हणून ओळखले जातात. परंपरा त्यांना चांद बोधले यांचे शिष्य मानते, आणि देवगिरीवरचे जनार्दनस्वामी, म्हणजे एकनाथांचे गुरू, यांचंही नाव त्याच चांद बोधल्यांशी जोडते. शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, स्वतःचं मुसलमान असणं लपवलं नाही, आणि वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतमालिकेत घेतलं.

यावरून "धर्म बदलला तरच" ही अट वारकऱ्यांनी घातली नाही, एवढं निघतं. त्यांची अट नामाची होती. ती जो पाळेल तो आपला. म्हणजे दार रुंद होतं, पण दार होतं. एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवाद' या भारुडातही दोघं एकमेकांच्या पूजेची, नमाजाची, कथांची यथेच्छ टर उडवतात आणि शेवटी त्यांचं जुळतं. भांडण वगळून फक्त शेवट सांगणारे कीर्तनकार मला अर्धवट वाटतात. त्या भांडणामुळंच तो शेवट खरा वाटतो.

७. एक मौलाना म्हणतात जन्नत फक्त मुसलमानांना, दुसरे म्हणतात अल्लाहची मर्जी. खरं काय?

दोघंही कुराणातूनच बोलतायत. सूरह बकराहची ६२ वी आयत ईमानवाले, यहुदी, ख्रिस्ती आणि साबी (कुराणात उल्लेख असलेला एक जुना धर्मसमूह) यांच्यापैकी जो अल्लाहवर आणि अंतिम दिवसावर विश्वास ठेवील आणि सत्कर्म करील, त्याला त्याच्या रबकडे मोबदला आहे, असं सांगते. तोच आशय सूरह माइदाच्या ६९ व्या आयतीत पुन्हा येतो. उलट सूरह आले-इम्रानची ८५ वी आयत म्हणते, इस्लामखेरीज दुसरा दीन (धर्म) कुणी शोधला तर तो स्वीकारला जाणार नाही. बहुसंख्य जुन्या भाष्यकारांनी मेळ असा घातला की पहिल्या आयती पैगंबर मुहंमदांच्या आधीच्या लोकांबद्दल आहेत. काही आधुनिक अभ्यासक तो मर्यादित अर्थ मानत नाहीत आणि अल्लाहला समर्पण हाच व्यापक अर्थ घेतात.

मूर्तिपूजेचं गणित आणखी अवघड आहे, कारण शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानणं) माफ होणार नाही असं सूरह निसाच्या ४८ व्या आयतीत आहे. ते गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. पण अमुक एक माणूस दोजखमध्येच (नरकातच) जाणार, असं नाव घेऊन सांगायला जाणते आलिम (धर्मपंडित) कचरतात. शेवटच्या श्वासाला कुणाच्या मनात काय होतं ते अल्लाहलाच ठाऊक. ज्यांना इस्लाम कधी नीट कळलाच नाही त्यांच्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

८. जालन्याचे आमचे नातेवाईक ख्रिस्ती आहेत. ते म्हणतात येशूशिवाय तारण नाही. मग फादर सर्वधर्म प्रार्थनेला कसे बसतात?

"मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही" हे योहानाच्या शुभवर्तमानातलं (१४:६) वचन तुमचे नातेवाईक धरून आहेत, आणि ते सोडा असं कोणतंच मोठं चर्च सांगत नाही. वाद आहे तो येशूच्या द्वारे येणं कशाला म्हणायचं, यावर.

कॅथलिक चर्चचा प्रवास इथं लांबलचक आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी चर्चबाहेर तारण नाही असं लिहिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं फुटून निघालेले ख्रिस्ती गट होते. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेनं तेच वाक्य यहुदी आणि इतर धर्मीयांनाही लावलं, अगदी अनंत अग्नीच्या भाषेत. विसाव्या शतकात उलटा प्रसंग घडला. बोस्टनचे जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) धर्मगुरू लिओनार्ड फीनी हे वाक्य शब्दशः घ्यायचा हट्ट धरून बसले. १९४९ मध्ये रोमनं त्यांचा अर्थ नाकारला आणि १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. अधिकृत कारण आज्ञाभंगाचं होतं, पण गंमत पाहा: चर्चबाहेर कुणीच तरत नाही म्हणणारा माणूस स्वतःच चर्चबाहेर गेला. पुढं १९७२ मध्ये त्यांचा चर्चशी समेट झाला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांचं तारण होऊ शकतं. याच परिषदेच्या १९६५ च्या दस्तऐवजात इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं आलं. २००० साली रोमनं पुन्हा आवळून सांगितलं की इतर धर्मांतल्या लोकांना कृपा मिळू शकली तरी त्यांची स्थिती गंभीर उणिवेची आहे. तुमचे फादर या सगळ्याला धरूनच प्रार्थनेला बसतात. नातेवाईक प्रोटेस्टंट असतील तर व्हॅटिकनचं त्यांच्यावर बंधन नाही, आणि त्यांच्यातले बरेच जण योहानाचं वचन सरळच वाचतात.

९. ज्याच्यापर्यंत तो धर्म पोचलाच नाही त्याचं काय? आणि जन्मताच गेलेल्या लेकराचं?

दोन्ही प्रश्न एकाच धाग्याचे: ज्याचा दोष नाही त्याला शिक्षा का?

इस्लाममध्ये आधार सूरह इस्राची १५ वी आयत: रसूल (पैगंबर) पाठवल्याशिवाय आम्ही शिक्षा देत नाही. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी यावर लोकांचे तीन गट पाडले. ज्यांनी पैगंबरांचं नावही ऐकलं नाही, ते माफ. ज्यांना खरी ओळख पटली आणि तरी नाकारली, ते जबाबदार. तिसरा गट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ज्यांनी नाव ऐकलं, पण लहानपणापासून विपर्यस्त, बदनाम रूपातच ऐकलं. गझालींनी त्यांनाही पहिल्या गटासारखंच धरलं. आपल्याकडं दोन्ही बाजूंनी एकमेकांबद्दल जे ऐकवलं जातं ते पाहता हा तिसरा गट मोठा असणार. एक अडचण मात्र आहे. भारतातल्या बहुसंख्य सुन्नींच्या मातुरीदी या धर्मतत्त्वज्ञानाच्या परंपरेत अनेकांचं मत असं की निर्माता एक आहे हे तरी अकलेनं ओळखायला हवं, रसूल पोचो न पोचो.

कॅथलिक उत्तर प्रश्न ८ मध्ये आलंय.

लेकरांबद्दल: प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे मूळ निर्मळ स्वभावावर जन्मतं अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, आणि मुसलमानेतरांची बालपणी गेलेली मुलंही जन्नतमध्ये, हे मत अनेक मोठ्या आलिमांचं आहे. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांसाठी कॅथलिक धर्मशास्त्रात 'लिंबो' नावाची मधली अवस्था सांगितली जाई. २००७ मध्ये रोमच्या धर्मशास्त्रीय आयोगानं अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं मांडलं. पुनर्जन्म मानणाऱ्यांना ही अडचण नाही, बाळाचा प्रवास पुढं चालू राहतो. पण आईला तेवढ्यानं बरं वाटतं असं मी पाहिलेलं नाही.

१०. बाबासाहेबांनी मोक्षच नाकारला का? मग बौद्धांना हा प्रश्न लागू होतो का?

वेगळ्या तऱ्हेनं लागू होतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेब सांगतात की बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. ते वाट दाखवतात, चालायचं ज्याचं त्यानं. निर्वाण म्हणजे मेल्यानंतरची जागा नसून याच आयुष्यात विकारांवर ताबा, असं ते मांडतात. त्यामुळं "कोणाच्या कृपेनं" हा प्रश्नच गळतो.

तरी बुद्ध "सगळे मार्ग सारखे" म्हणाले नाहीत. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांच्या महापरिनिब्बान सुत्तात सुभद्द नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो, इतर आचार्यांना खरंच ज्ञान झालं होतं का? बुद्ध म्हणतात, ते राहू दे. ज्या धर्मविनयात (शिकवणीत) आर्य अष्टांगिक मार्ग सापडतो तिथं खरा श्रमण (साधक) सापडतो, जिथं तो नाही तिथं नाही. पाटी कुणाची हे त्यांनी विचारलं नाही, पण मोजमाप स्वतःचंच लावलं. प्रश्न १ मधला फरक इथंही दिसतो.

११. जैन सोडून इतरांना मोक्ष आहे का?

श्वेतांबर परंपरेत सिद्धांचे (मुक्त जीवांचे) पंधरा प्रकार सांगितलेत, त्यात 'अन्यलिंग सिद्ध' आहेत: दुसऱ्या पंथाच्या वेशात राहून मोक्षाला गेलेले. गृहस्थवेशातले आणि स्त्रियाही त्या यादीत आहेत. दिगंबर परंपरा हे मान्य करत नाही. मुनीचं नग्नत्व तिथं अनिवार्य. कुंथलगिरीला, जिथं कुलभूषण आणि देशभूषण मुनी मोक्षाला गेले असं मानतात आणि जिथं आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये सल्लेखना (अन्न सोडून व्रतानं देह ठेवणं) घेतली, तिथं विचाराल तर हेच दिगंबर उत्तर मिळेल.

पण खरी मेख पुढं आहे. दोन्ही परंपरांच्या मते सध्याच्या पंचम काळात (उतरत्या कालचक्राच्या पाचव्या भागात) आपल्या भरतक्षेत्रातून (आपण राहतो त्या भूभागातून) थेट मोक्ष कुणालाच नाही. महावीरांच्या परंपरेतले जंबूस्वामी हे मोक्षाला गेलेले शेवटचे. म्हणजे "जैनेतराला मोक्ष मिळतो का" असं विचारणाऱ्याला आधी हे ऐकावं लागतं की आत्ता, इथून, जैनालाही मिळत नाही.

१२. नामदेव आमचे, मग नांदेडला त्यांची वाणी कशी? शीख धर्म सगळ्यांना मोक्ष मानतो का?

नरसीचे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. शेजारी कबीर, रविदास आणि शेख फरीद. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी याच ग्रंथाला गुरुपद दिलं. म्हणजे शीख ज्याला गुरू मानून माथा टेकतात, त्यात शिंप्याचं, विणकराचं, चांभाराचं आणि मुसलमान सूफीचं वचन आहे. तरण्यासाठी शीख असावंच लागतं असं मानणाऱ्या धर्माला हे करता आलं नसतं. गुरू अमरदासांची प्रार्थना त्यातच आहे: "जगतु जलंदा रखि लै आपणी किरपा धारि। जितु दुआरै उबरै तितै लैहु उबारि।" जग जळतंय, ज्या दारातून ते वाचेल त्या दारातून वाचव.

याचा अर्थ नुसती गोड सहमती, असा मात्र घेऊ नका. त्याच ग्रंथात आपले नामदेव म्हणतात, "हिंदू अंन्हा तुरकू काणा", हिंदू आंधळा, तुर्क एकडोळा, दोघांपेक्षा ज्ञानी शहाणा. हे पद चौकात मोठ्यानं म्हणून पाहा.

१३. वेरूळला तिन्ही धर्मांची लेणी शेजारी आहेत. तेव्हाचे लोक मोक्ष एकच मानत असतील ना?

लेणी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. यातून एकमेकांना जागा दिली एवढं दिसतं. मत जुळलं होतं असं दिसत नाही. त्याच शतकांत या तिन्हींचे पंडित आत्मा आहे की नाही यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहून एकमेकांना खोडत होते. वाद घालत शेजारी राहता येतं, याला वेरूळ चांगला पुरावा आहे.

१४. देवच न मानणाऱ्याला मोक्ष?

बौद्ध आणि जैन जगाचा कर्ता मानत नाहीत. सांख्य दर्शनाचं कामही ईश्वरावाचून चालतं. चार्वाकाला मोक्षच नको होता. ख्रिस्ती उत्तरासाठी प्रश्न ८ मधलाच १९६४ चा दस्तऐवज: देवाची स्पष्ट ओळख न झालेल्या, पण सरळ वागू पाहणाऱ्यांना तो सोडून देत नाही. इस्लाममध्ये सवलत फार कमी, प्रश्न ९ पाहा.

१५. काशीत मेलं की मुक्ती म्हणतात. तिथं मुसलमान मेला तर?

श्रद्धा अशी की काशीत मरणाऱ्या प्रत्येक जिवाच्या कानात शंकर तारक मंत्र सांगतो, किडामुंगीच्यासुद्धा. मग माणसाचा धर्म विचारायचा प्रश्नच नाही. कबीर मात्र मुद्दाम शेवटी काशी सोडून मगहरला गेले अशी कथा आहे, कारण जागेच्या जोरावर तरणं त्यांना पटत नव्हतं.

१६. आम्ही परभणीच्या दर्ग्याला, खुलदाबादला जातो, नवसही फेडतो. त्यानं आमचा मोक्ष अडतो का?

नवस आणि मोक्ष ही दोन खाती आहेत. लेकरू बरं व्हावं, जमिनीचा निकाल लागावा यासाठीची मागणी गीतेच्या ७.२०–२२ मध्ये येते: ज्या रूपावर श्रद्धा, तिथून फळ मिळतं, पण ते संपणारं असतं. अडतं असं तिथं म्हटलेलं नाही. महानुभावी असाल तर उत्तर वेगळं, प्रश्न ५ पाहा. दर्ग्यावर मागणं मागावं का, यावर खुद्द मुसलमानांत जोराचे मतभेद आहेत. बरेलवी आणि देवबंदी हे दोन सुन्नी प्रवाह एक उत्तर देणार नाहीत.

१७. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली होती, आई माळकरी. आई म्हणते पैठणला त्यांचं श्राद्ध कर, नाहीतर त्यांना गती नाही.

बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. वडिलांनी ती उच्चारली असेल तर त्यांच्या नावानं पिंड ठेवणं म्हणजे त्यांचा शब्द मोडणं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे तुमच्या पिंडावर त्यांचं काहीच अडलेलं नाही. शुद्धी ज्याची त्यानं करायची, दुसरा कुणी दुसऱ्याला शुद्ध करत नाही, असं धम्मपदात (१६५) आहे. आईचं दुःख हा वेगळा विषय. भंतेजींना बोलावून पुण्यानुमोदन (मृताच्या स्मरणार्थ पुण्यकर्म) करता येईल, आणि आईनं स्वतःच्या मनासाठी गोदावरीवर जाऊन हरिपाठ म्हटला तर त्याला कुणी हरकत घेऊ नये.

१८. मुलीनं दुसऱ्या धर्मात लग्न केलं. सासरचे म्हणतात, धर्म बदल, नाहीतर मेल्यावर दोघं वेगळे व्हाल.

सासर कुठलं यावर अवलंबून. ख्रिस्ती असेल तर पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र (७:१२–१४) त्यांना दाखवा: विश्वास न ठेवणारा जोडीदार विश्वासणाऱ्यामुळं पवित्र ठरतो, आणि तो राहायला तयार असेल तर सोडू नये. मुसलमान असेल तर सूरह माइदाची ५ वी आयत ख्रिस्ती आणि यहुदी स्त्रीशी तिचा धर्म न बदलता निकाह मान्य करते. हिंदू किंवा बौद्ध मुलीला पारंपरिक फिक्ह (इस्लामी धर्मकायदा) ही सवलत देत नाही, आणि मुसलमान मुलीनं बाहेर लग्न करण्याला तर नाहीच. दोघं हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांपैकी असतील तर प्रत्येकाची गती ज्याच्या त्याच्या कर्मावर, लग्नाच्या नोंदीवर नव्हे.

दबाव लग्नाआधीच येत असेल तर मोक्षाआधी कायदा पाहा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं कुणालाही धर्म न बदलता लग्न करता येतं. विवाह नोंदणी अधिकाऱ्याकडं ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. अशा लग्नानंतर वारसा साधारणपणे भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर मात्र हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू राहतो. शेतजमिनीचा प्रश्न असेल तर सही करण्याआधी वकिलाला गाठा.